पोर्ट लुईची पायी सहल : नोटांपासून सुरू होणारा हिशेब

मॉरिशसला जाणारा मराठी पर्यटक बहुधा समुद्र, गंगा तलाव आणि शामारेलची रंगीत माती पाहून परततो. राजधानी पोर्ट लुई त्याच्या वाट्याला येते ती बंदराकाठच्या कोदाँ बाजारपेठेपुरती. आम्हीही तसेच परतलो असतो, पण ज्या घरी उतरलो होतो तेथील मालकीणबाईंनी एका निवृत्त शिक्षकांच्या पायी सहलीविषयी सांगितले आणि बजावले, की तिथे डोडो पक्ष्याच्या गोष्टी नसतात, राजकारण असते. चार तास, माणशी 1,500 मॉरिशस रुपये, म्हणजे आपले पावणेतीन हजारांच्या आसपास, आणि जास्तीत जास्त आठ माणसे. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघांनी ही सहल केली, तिचा हा अभिप्राय.

सहलीचे किंवा ती चालवणाऱ्या गुरुजींचे नाव मी येथे देणार नाही, आणि त्याचे कारण त्यांनीच सहलीच्या प्रारंभी सांगितले. या देशात आडनाव कळले की समोरचा माणूस दोन क्षणांत तुमचा धर्म, तुमच्या पूर्वजांचे बंदर, पुष्कळदा तुमची जात आणि तुमचे संभाव्य मतसुद्धा ठरवून टाकतो. मग तुम्ही जे काही सांगाल ते त्याच चाळणीतून ऐकले जाते. म्हणून चार तास त्यांनी स्वतःची ओळख फक्त ‘मास्तर’ एवढीच ठेवली आणि आम्हालाही आडनावे विचारली नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत मला हा प्रकार थोडा नाटकी वाटला होता. मशिदीपर्यंत पोहोचलो तोवर तसे वाटेनासे झाले.

सुरुवात होते प्लास द'आर्म या ताडांच्या दुतर्फा रांगा असलेल्या चौकात. एका टोकाला बंदराकडे तोंड करून उभा असलेला फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने, दुसऱ्या टोकाला सरकारी वाड्यासमोर व्हिक्टोरिया राणी, आणि वाड्याला लागूनच संसद. सर्वसाधारण मार्गदर्शक येथे फ्रेंचांकडून 1810 मध्ये इंग्रजांनी बेट कसे घेतले ते सांगतो. मास्तरांनी ते दोन वाक्यांत उरकले आणि आम्हाला खिशातल्या नोटा काढायला सांगितल्या. सहलीला येताना निरनिराळ्या किमतीच्या नोटा आणाव्यात, हा आदल्या दिवशी आलेला निरोप आम्हाला सुट्या पैशांच्या अडचणीपोटी असेल असे वाटले होते.

पंचवीसच्या नोटेवर चिनी वंशाचे मोइलिन ज्याँ आ-च्युएन. पन्नासच्या नोटेवर फ्रेंच वंशाचे मोरिस पातुरो. शंभरावर तमिळ रंगनादेन सिनिवासेन, दोनशेवर मुस्लिम नेते अब्दुल रझाक मोहम्मद, पाचशेवर हिंदू नेते सुखदेव बिसुनदयाल, हजारावर क्रिओल, म्हणजे मुख्यतः गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचे, नेते गाएताँ द्यूव्हाल आणि दोन हजारांवर पहिले पंतप्रधान सिवूसागर रामगुलाम. देशातले बहुतेक समाज पाकिटात सुबक बसवून दिलेले आहेत, किमतीच्या क्रमाने. सगळे पुरुष, ही गोष्ट माझ्या पत्नीने लक्षात आणून दिली. मास्तर म्हणाले, की तो प्रश्न विचारणाऱ्या आतापर्यंतच्या सगळ्या बायकाच आहेत.

आता नोटेवरची अक्षरे पाहा, ते म्हणाले. वर इंग्रजी, त्याखाली तमिळ, त्याखाली देवनागरीत हिंदी. ही चित्रमालिका 1998 मध्ये पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा हिंदी ओळ तमिळ ओळीच्या वर छापली गेली होती, आणि तेवढ्यावरून देशात गहजब झाला. तमिळ कारागीर या बेटावर फ्रेंचांच्या काळातच आलेले होते, म्हणजे उसाच्या मळ्यांवर आलेल्या भोजपुरी मजुरांच्या पुष्कळ आधी; शिवाय आधीच्या नोटांवर तमिळ ओळ वर असण्याची रूढी होती. मोर्चे निघाले, सरकारने नोटा मागे घेतल्या, मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांना पद सोडावे लागले आणि ओळींचा जुना क्रम ठेवून नोटा पुन्हा छापल्या गेल्या. प्रत्येक समाजाचा चेहरा काळजीपूर्वक नोटांवर आणण्याची खटपट ज्या मालिकेत झाली, तिच्यातच दोन ओळींच्या अदलाबदलीने भांडण लागावे, यापेक्षा या देशाच्या राजकारणाची नेमकी ओळख करून देणारी वस्तू मला सुचत नाही. सहलीची पहिली चाळीस मिनिटे या नोटांवर गेली आणि पैसे वसूल झाले ते तिथेच.

तेथून बंदराच्या कडेने आप्रवासी घाटावर जायचे. हा भाग मात्र घाईत उरकला जातो. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून 36 करारबद्ध भारतीय मजूर उतरले, पुढच्या आठ-नऊ दशकांत जवळजवळ पाच लाख माणसे याच मार्गाने आली. कोकणातून, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूने आलेली आपली मराठी माणसेही त्यांत होती. त्या सोळा पायऱ्या आजही आहेत. पूर्वी ‘कुली घाट’ म्हणत; 1987 मध्ये नाव बदलले आणि 2006 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. शेजारीच, जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत, 2023 मध्ये गुलामगिरीचे संग्रहालय सुरू झाले. दोन्ही ठिकाणांमध्ये चालत पाच मिनिटांचे अंतर आहे, परंतु दोहोंना अधिकृत मान मिळण्यामध्ये सतरा वर्षांचे. मास्तर हे अंतर बोलून दाखवत नाहीत, दोन्ही तारखा सांगून गप्प राहतात. गुलामगिरी 1 फेब्रुवारी 1835 रोजी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली ती मालकांना, गुलामांना नव्हे. मळ्यांवर त्यांच्या जागी करारबद्ध भारतीय आले, आणि मुक्त झालेले लोक किनाऱ्यावरच्या व शहराकडेच्या वस्त्यांत गेले. आज 1 फेब्रुवारीला एक सुटी असते, 2 नोव्हेंबरला दुसरी. संग्रहालयाला आमच्या वाट्याची फक्त वीस मिनिटे आली, ही या सहलीविषयीची माझी पहिली तक्रार. घाटाला पंचेचाळीस आणि त्याला वीस, हे प्रमाण एवढ्या तोलूनमापून बोलणाऱ्या माणसाकडून अपेक्षित नव्हते. मी तसे म्हटल्यावर त्यांनी वही काढून नोंद केली. पुढच्या गटाला त्याचा लाभ झाला असेल अशी आशा आहे.

यानंतर एका लहानशा चहाच्या दुकानात बसून ज्याला ते ‘गणिताचा तास’ म्हणतात तो प्रकार होतो, आणि माझ्या मते या सहलीचा गाभा तोच आहे.

मॉरिशसच्या संसदेत मुख्य बेटावरच्या वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आणि रॉड्रिग्ज बेटावरून दोन, असे 62 सदस्य निवडून येतात. त्यांच्या वर आठ जागा राखून ठेवलेल्या असतात, आणि त्या हरलेल्या उमेदवारांना दिल्या जातात. म्हणून या पद्धतीचे नाव ‘बेस्ट लूझर’. स्वातंत्र्याआधी अल्पसंख्याकांना, विशेषतः मुस्लिमांना, अशी भीती होती की हिंदू बहुमतापुढे आपला आवाजच उरणार नाही. आपल्याकडे इंग्रजांनी 1909 मध्ये आणलेल्या स्वतंत्र मतदारसंघांचा अनुभव डोळ्यांपुढे असल्यामुळे असेल, येथे तो मार्ग टाळून ही तडजोड काढली गेली. प्रत्येक उमेदवाराला अर्जात आपला समाज लिहावा लागतो. राज्यघटनेत चार रकाने आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि ज्यांच्या राहणीवरून ते या तिघांपैकी कोणात मोडत नाहीत असे दिसते ते सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. राहणीवरून, हा शब्दप्रयोग मास्तरांनी दोनदा उच्चारला. या चौथ्या रकान्यात साखरेच्या मळ्यांचे मालक असलेल्या फ्रेंच घराण्यांचे वंशज आहेत आणि त्याच मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्यांचे क्रिओल वंशजही. मालक आणि गुलाम यांची नातवंडे कागदावर एकाच समाजाची होतात, हे ऐकून आमच्या गटातला एक तरुण मोठ्याने हसला. मास्तर हसले नाहीत.

मग कागद-पेन्सिल पुढे आली. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता समाज पाहून दिल्या जातात : समाजाची लोकसंख्या घ्यायची, तिला त्या समाजाच्या निवडून आलेल्या सदस्यांची संख्या अधिक एक याने भागायचे, ज्याचा भागाकार सर्वांत मोठा त्याला जागा, आणि प्रत्येक जागेनंतर पुन्हा तोच हिशेब. उरलेल्या चार जागांनी पक्षांमधला तोल सावरायचा. लोकसंख्या घ्यायची ती 1972 च्या जनगणनेची, कारण समाज विचारणारी ती शेवटची जनगणना. त्या वर्षी मुख्य बेटावर हिंदू सुमारे 4 लाख 28 हजार, मुस्लिम 1 लाख 37 हजार, चिनी 24 हजार आणि सर्वसाधारण 2 लाख 37 हजार होते. मास्तरांनी रॉड्रिग्ज बाजूला ठेवून एक काल्पनिक निकाल मांडला : हिंदू 34, मुस्लिम 8, चिनी 1, सर्वसाधारण 17. आता द्या जागा, म्हणाले. पहिली मुस्लिमांना गेली, दुसरीही मुस्लिमांना, तिसरी सर्वसाधारणांना. चौथ्या वेळी 2 लाख 37 हजारांना एकोणीसने आणि 1 लाख 37 हजारांना अकराने भागल्यावर दोन उत्तरांतला फरक वीससुद्धा भरेना, तरी जागा सर्वसाधारणांकडे गेली. पन्नासहून अधिक वर्षे जुनी शिरगणती, तिच्यातला अठरा-एकोणीस माणसांचा फरक, आणि त्यावर खासदारकी. मी स्वतः हिशेबनीस म्हणून आयुष्य काढले आहे, पण भागाकार करताना हाताला घाम फुटावा असा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

1982 मध्ये जनगणनेतून समाजाचा रकाना काढून टाकण्यात आला तो चांगल्या हेतूने, देश एक व्हावा म्हणून. परंतु बेस्ट लूझर पद्धत तशीच राहिली, त्यामुळे आकडे 1972 चेच गोठले. उलट पूर्वजांची भाषा विचारणारा प्रश्न पुढील जनगणनांतही राहिल्यामुळे ज्यांना मोजायचे होते ते मोजतच राहिले. ‘रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव’ या डाव्या पक्षाच्या उमेदवारांनी 2005 पासून अर्जात समाज लिहिण्यास नकार देऊन न्यायालये गाठली. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क समितीने, इतक्या जुन्या आकड्यांच्या आधारावर ही सक्ती करणे हक्कांचा भंग आहे, असे मत दिले. 2014 च्या निवडणुकीपुरती घटनेत सूट देण्यात आली, आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा जुनाच नियम. त्या पक्षाचे अशोक सुब्रोन 2024 च्या नोव्हेंबरात सत्तांतर झाल्यावर मंत्री झाले. मास्तरांना विचारले, की मग आता ही पद्धत जाणार का. ते म्हणाले, पद्धतीला शिव्या सगळेच देतात, पण ती काढून टाकण्याच्या दिवशी शेजारी काय म्हणेल याची भीतीही सगळ्यांनाच आहे. त्यांचे स्वतःचे मत शेवटपर्यंत कळले नाही, आणि त्यात त्यांची चतुराई आहे की पळवाट, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

आमच्या गटात सांगलीहून आलेले एक काका-काकू होते. सगळे गणित शांतपणे ऐकून काकांनी विचारले, “ते सगळं ठीक आहे मास्तर, पण यात आपली माणसं किती?” मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि प्रथमच मोकळेपणाने हसले. “नू बान,” ते म्हणाले. क्रिओल भाषेतला हा शब्द म्हणजे ‘आपली माणसे’, आणि मॉरिशसच्या राजकारणातला कदाचित सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द. उमेदवारी, मंत्रिपद, महामंडळावरची नेमणूक, बढती, प्रत्येक वेळी प्रथम प्रश्न हाच : नू बान किती? काका थोडे ओशाळले. मीही ओशाळलो, कारण तोच प्रश्न विचारण्यासाठी मी योग्य क्षणाची वाट पाहत होतो.

उत्तर मिळाले ते असे. घटनेच्या रकान्यात मराठी माणूस हिंदूच. पण रस्त्यावरच्या भाषेत मॉरिशसमध्ये ‘हिंदू’ म्हणजे भोजपुरी-हिंदी मुळाचा. तमिळ, तेलुगू आणि मराठी ही त्याहून निराळी नावे. शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते, मराठी मंडळ्यांचा महासंघ आहे. एकेका समाजाच्या संस्थांना सरकारी अनुदान मिळते, आणि निवडणुकीच्या तोंडावर पुढारी त्या संस्थांच्या व्यासपीठावर हजेरी लावतात. मराठी समाज संख्येने लहान, त्यामुळे त्याचे वजन बव्हंशी या हजेरीच्या आणि प्रतिनिधित्वाच्या मागणीच्या स्वरूपात दिसते. नोटेवर मात्र मराठी चेहरा नाही, तेलुगूही नाही. काकांनी ‘का नाही?’ असे विचारण्यासाठी तोंड उघडले आणि काकूंनी त्यांच्या हाताला हलकेच स्पर्श केला.

चहानंतर आम्ही चिनी वस्तीतून रॉयल रोडने जुम्मा मशिदीकडे निघालो. कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेली ही मशीद पांढरीशुभ्र, शांत आहे. बाहेरच्या गोंगाटातून आत पाऊल टाकले की अंगणातल्या झाडाची सावलीच प्रथम जाणवते. मास्तरांनी 1968 ची गोष्ट येथे सांगितली, रस्त्यात नव्हे, आणि तीही आवाज खाली आणून. 7 ऑगस्ट 1967 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडी जिंकली, परंतु सुमारे 44 टक्के मते द्यूव्हाल यांच्या विरोधी पक्षाला पडली होती. म्हणजे दर दहातल्या चौघांहून अधिक मतदारांना त्या अटींवर स्वातंत्र्य नको होते, आणि त्यांत क्रिओल व फ्रेंच वंशाचे लोक बहुसंख्य होते. पुढे त्यांतले कित्येक ऑस्ट्रेलियाला निघून गेले. स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, 1968 च्या जानेवारीत, याच शहरात क्रिओल आणि मुस्लिम टोळ्यांमध्ये दंगल उसळली. एका टोळीचे नाव ‘टेक्सास’, दुसरीचे ‘इस्तंबूल’. किमान पंचवीस माणसे मेली, सिंगापूरहून ब्रिटिश सैनिक आणावे लागले, आणीबाणी पुकारली गेली, आणि 12 मार्चच्या सोहळ्याला येणार असलेल्या ब्रिटिश राजकन्या अलेक्झांड्रा आल्याच नाहीत. प्लेन व्हेर्तमधली क्रिओल कुटुंबे घरे सोडून गेली, रोश ब्वामधली मुस्लिम कुटुंबे प्लेन व्हेर्तकडे आली. मिश्र असलेल्या गल्ल्या काही आठवड्यांत एकरंगी झाल्या त्या पुष्कळशा तशाच राहिल्या. रामगुलामांनी पुढच्याच वर्षी द्यूव्हालना सरकारात घेतले. त्यामुळे हजाराची आणि दोन हजारांची नोट एकाच पाकिटात सुखाने नांदते, हे मास्तरांचे वाक्य विनोदाचे होते, परंतु मशिदीच्या अंगणात कोणी हसले नाही.

यापुढची कथा 1999 ची. ती ऐकताना मला सारखे मुंबईचे जुने पंचरंगी क्रिकेट सामने आठवत होते. मॉरिशसचे फुटबॉल क्लब समाजांप्रमाणे उभे राहिले : हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स, फ्रेंच वंशीयांचा डोडो क्लब, आणि क्रिओल लोकांचा लाडका फायर ब्रिगेड. नावांतून धर्म काढण्यात आला, प्रेक्षकांच्या मनातून निघाला नाही. आपल्याकडे हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे संघ होते आणि उरलेल्यांसाठी ‘इतर’ नावाचा पाचवा. आपले विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे त्या ‘इतर’ संघातून खेळत. 1943 च्या मोसमात त्यांनी हिंदू संघाविरुद्ध 387 पैकी 309 धावा एकट्याने काढल्या. ‘इतर’ आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ हे एकाच कल्पनेचे दोन तर्जुमे आहेत, हे मला त्या दुपारी कळले. आपले सामने 1946 मध्ये थांबले. मॉरिशसचे क्लब तसेच चालू राहिले.

1999 च्या फेब्रुवारीत सेगे, म्हणजे स्थानिक सेगा आणि रेगे यांच्या मिश्रणाच्या, संगीताचा क्रिओल गायक काया पोलिस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटले. गरीब क्रिओल वस्त्यांचा राग हिंदूबहुल पोलिसांवर निघाला, दुकाने लुटली गेली, माणसे मेली, आणि काही गावांत उलट क्रिओलांच्या घरांवर हल्ले झाले. राष्ट्रपती कासम उतीम स्वतः रस्त्यावर उतरून लोकांशी बोलले. क्रिओल समाजाच्या मागे पडण्याला ‘मालेझ क्रेओल’ हे नाव त्याच्या सहा वर्षे आधीच एका धर्मगुरूंनी दिले होते. ऐकणारे कमी होते. मग 23 मे रोजी स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांच्यातल्या सामन्यानंतर जमाव शहरात आला आणि रॉयल रोडवरच्या ‘आमिकाल’ या जुगारघराला आग लावली गेली. सात जण जळून मेले. चौघांना जन्मठेप झाली, आणि त्यांच्या दोषाविषयीचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. मास्तर तो वाद सोडवायला जात नाहीत. ते सांगतात एवढेच, की त्यानंतर फुटबॉल बंद करण्यात आले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा संघ गावांचे आणि जिल्ह्यांचे होते. स्टेडियममध्ये भांडण उरले नाही आणि प्रेक्षकही उरले नाहीत.

येथे सहलीतला सर्वांत नाजूक प्रश्न आला आणि मास्तर तो टाळून पुढे गेले. 1968 पासून आजवर पंतप्रधानपद पाच व्यक्तींकडे राहिले, त्यांपैकी चार रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांतल्या. पाचवे पॉल बेरांजे, फ्रेंच वंशाचे, 2003 ते 2005 एवढाच काळ. बेरांजे आणि त्यांच्या सोबत्यांनी 1969 मध्ये पक्ष काढला तो ‘वंशांच्या लढाईऐवजी वर्गांची लढाई’ या घोषणेवर, आणि 1982 मध्ये त्यांच्या आघाडीने मुख्य बेटाच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. एवढे असूनही अहिंदू माणूस पंतप्रधान होण्यास स्वातंत्र्यानंतर पस्तीस वर्षे लागली, आणि तेही निवडणुकीपूर्वी झालेल्या वाटणीच्या करारामुळे. मग हिंदूंमध्ये तरी हे पद सर्वांना खुले आहे का? वैश्य, राजपूत, रविवेद यांपैकी कोणाला कोणत्या मतदारसंघात तिकीट मिळते? हा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला. मास्तरांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, की डाळपुरीची गाडी बंद होईल. धर्म आणि वंश यांच्याविषयी चार तास निर्भयपणे बोलणारा माणूस जातीपाशी येऊन थबकावा, याचे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला नवल वाटू नये. तरीही दीड हजार रुपयांत मला ते उत्तर हवे होते, आणि सहलीतली ही खरी उणीव आहे.

डाळपुरीविषयी मात्र तक्रार नाही. पुरणपोळीची ही दूरची बहीण तिखट आमटीशी आणि लोणच्याशी दोन-दोन दिली जाते, कागदात गुंडाळून, आणि रांगेत टाय लावलेला बँकवाला, बुरखा घातलेली मुलगी आणि बंदरावरचा हमाल एकामागे एक उभे असतात. पर्यटन खात्याच्या छायाचित्रकाराला आवडेल असे हे दृश्य आहे. मास्तरांनी तेवढ्यात टोचणी लावलीच : रांग एक आहे, पण संध्याकाळी कोण कोणत्या गल्लीत परतते ते पाहा.

आता व्यवहाराचे. पोर्ट लुई डोंगरांच्या कुशीत असल्याने वारा अडतो आणि डिसेंबरात दहानंतर ऊन असह्य होते. सहल साडेआठला सुरू होते ती सातला व्हायला हवी. शेवटचा टप्पा शाँ द मार्सचा, जिथे 1968 मध्ये चौरंगी झेंडा प्रथम फडकला. तिथवर पोहोचेपर्यंत काकूंचे पाय बोलू लागले होते आणि झेंड्याच्या चार रंगांत चार पक्षांचे रंग कसे पाहिले जातात, हे मास्तरांचे विवेचन अर्ध्या गटाने सावलीत बसून दुरूनच ऐकले. त्यांचा आवाज मुळात मृदू, आणि वाहनांच्या रस्त्यावर मागच्या दोघांना काहीच ऐकू येत नाही. आठांऐवजी सहा माणसे घेतली तर बरे. इंग्रजी स्वच्छ, हिंदी कामापुरती, मराठी मुळीच नाही. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना नेऊ नये, कंटाळतील. रविवारी बाजार लवकर आवरतो, म्हणून मधला वार धरावा. ज्यांना फक्त ‘छोटा भारत’ पाहायचा आहे त्यांनी गंगा तलावालाच जावे, येथे त्यांचा हिरमोड होईल. ज्यांना विविधता सांभाळणाऱ्या देशाला ती दररोज किती कष्टाने मोजावी लागते हे जाणून घ्यायचे आहे, त्यांना मी पाचपैकी चार तारे देऊन ही सहल सुचवीन. पाचवा तारा जातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत माझ्याकडे राहील.

सुट्या नोटा मात्र आठवणीने न्याव्यात. पहिल्या तासाला मास्तर त्या हातात घेऊन दाखवतात आणि प्रत्येकाला त्याची त्याची परत करतात. शंभराची आमच्याकडे नव्हती, ती सांगलीच्या काकांची होती. नोटेवर आपले कोणी नाही म्हणून ती जपून ठेवण्यात अर्थ नाही असे म्हणत काकूंनी ती घेतली आणि मुख्य बाजारात अलुद्यावर, म्हणजे आपल्या फालुद्यावर, आम्हा सर्वांसाठी खर्च करून टाकली.